प्लॉट चौरस, आहार चौरस, आणि भूमितीतला चौरस

तुमचा प्रश्न असा आहे. तुम्ही ३० बाय ४० फुटांचा प्लॉट घेतला. खरेदीखतात '१२०० चौरस फूट' असे लिहिले आहे. गवंडी जागा बघून म्हणाला, "प्लॉट एकदम चौरस आहे, काळजी नको." तुमची सहावीतली मुलगी म्हणाली, "बाबा, हा चौरस नाही, आयत आहे. चौरसाच्या चारही बाजू सारख्या असतात." त्यातच एका स्नेह्यांनी सांगितले की चौरस म्हणजे 'चौ' अधिक 'रस', म्हणून तर आपण 'चौरस आहार' म्हणतो. यातले खरे कोणाचे?

मी भूमिती शिकवत आलो आहे आणि जुने संस्कृत गणितग्रंथ मुळातून वाचायची मला आवड आहे. त्या आधारावर सांगतो: मुलगी, गवंडी आणि खरेदीखत, तिघांचेही बरोबर आहे. तिघे एकाच शब्दाचे तीन वेगळे अर्थ वापरताहेत आणि तिन्ही अर्थ जुने, रुळलेले आहेत. स्नेह्यांची फोड मात्र चुकीची आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल.

'चौरस'मध्ये रस नाही. मूळ संस्कृत शब्द 'चतुरस्र', म्हणजे चतुर् अधिक अस्र. पालीत त्याचे 'चतुरस्स' झाले, प्राकृतात 'चउरस्स' आणि 'चउरंस', आणि आपल्याकडे 'चौरस'. 'चतुर्'चा 'चौ' होणे आपल्याला नवीन नाही. चौक, चौदा, चौथ हे सगळे त्याच वाटेने आले. पण इथे एक गोष्ट नीट पाहा. 'चौरस'मधला र हा 'चतुर्'च्या शेवटचा र आहे आणि स हा 'अस्र'मधला. म्हणजे आपण जिथे 'चौ-रस' असा तुकडा पाडतो तिथे शब्दाचा सांधाच नाही. शिवाय आपल्याकडे जेवणातले रस सहा मोजतात. त्यातले दोन वगळून आहार परिपूर्ण कसा म्हणायचा? प्राकृतातले रूप पाहायचे असेल तर जैन आगमांत शरीराच्या बांध्याचे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यांतला सर्वोत्तम तो 'समचउरंस संठाण', म्हणजे समचतुरस्र संस्थान. हा संदर्भ लक्षात ठेवा, आहाराकडे वळू तेव्हा तो उपयोगी पडेल.

आता 'अस्र' म्हणजे काय? हा शब्द 'अश्र' असाही लिहितात आणि त्याच्या मुळाशी 'अश्रि' आहे: धार, कड, धारदार कोपरा. ऋग्वेदात इंद्राच्या आयुधाला 'चतुरश्रि' म्हटले आहे, चार धारांचे. तिथे भूमितीचा संबंध नाही, शस्त्राच्या धारांचा आहे. पुढे आर्यभटाने (इ.स. ४९९) घनाचे वर्णन 'द्वादशाश्रि' असे केले. साखरेचा ठोकळा हातात घेऊन कडा मोजा: वर चार, खाली चार, उभ्या चार, एकूण बारा. कोपरे मोजले तर आठच भरतात. म्हणजे आर्यभटाच्या मनात अश्रि म्हणजे कड हाच अर्थ होता. सपाट आकृतीत कडा चार आणि कोपरेही चार, त्यामुळे 'चतुरस्र'चा अर्थ कडांवरून लावला काय आणि कोपऱ्यांवरून लावला काय, उत्तर एकच येते. ठोकळ्यात मात्र दोन्ही वेगळे होतात, आणि तिथे शब्दाचे मूळ उघडे पडते. मला ही जागा फार आवडते.

तर 'चतुरस्र' या शब्दाच्या अंगात 'चार कडांचे' एवढाच अर्थ आहे. बाजू सारख्या हव्यात, कोन काटकोन हवेत, यातले काहीही त्यात नाही. म्हणूनच जुन्या शास्त्रकारांना पुढे विशेषणे लावावी लागली.

बौधायनाचे शुल्बसूत्र इसवी सनापूर्वी काही शतके रचलेले. यज्ञवेदी दोरीने कशी आखायची याचे ते पुस्तक. त्यात 'समचतुरस्र' आणि 'दीर्घचतुरस्र' असे दोन शब्द शेजारी शेजारी येतात. पहिला आपला चौरस, दुसरा आपला आयत. पायथागोरसचे प्रमेय म्हणून आपण जे शिकतो ते बौधायनाने दीर्घचतुरस्रासाठी सांगितले आहे: त्याची कर्णाची दोरी तेवढे क्षेत्र निर्माण करते, जेवढे लांबी आणि रुंदीच्या दोऱ्या वेगवेगळ्या मिळून करतात. आणि समचतुरस्रासाठी: त्याची कर्णदोरी दुप्पट भूमी करते. या दुसऱ्या नियमातून २ च्या वर्गमुळाची गरज पडते. बौधायनाने दिलेली किंमत अशी: १ + १/३ + १/(३×४) − १/(३×४×३४). हा हिशेब केला तर ५७७/४०८ म्हणजे १.४१४२१५… येते. खरी किंमत १.४१४२१३… आहे. दोरी आणि खुंट्या घेऊन बसलेल्या माणसांनी पाचव्या दशांश स्थळापर्यंत अचूक उत्तर काढले होते.

पण त्याच ग्रंथात दुसरीही सवय दिसते. चौरस आखायची रीत सांगताना बौधायन 'चतुरस्रं चिकीर्षन्' अशी सुरुवात करतो, म्हणजे 'चतुरस्र करू इच्छिणाऱ्याने'. इथे 'सम' नाही, तरी अर्थ चौरसच आहे. चौरसाचे वर्तुळ करायची रीतही तो याच आखूड शब्दाने सांगतो. ज्यांचे रोजचे काम चौरस आखायचे, त्यांनी रोजच्या बोलण्यात 'सम' गाळले. नाट्यशास्त्रातही तेच. तिथे प्रेक्षागृहाचे तीन आकार सांगितले आहेत: विकृष्ट म्हणजे लांबट, चतुरस्र, आणि त्र्यस्र म्हणजे त्रिकोणी. मधल्या मापाचे विकृष्ट ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद, तर चतुरस्र ३२ हातांचे चहूबाजूंनी सारखे. पुन्हा 'सम' न लावता चौरस. म्हणजे 'चार कडांचे' पासून 'चार सारख्या कडांचे' इथपर्यंतचे आकुंचन मराठीने केले असे नाही. मराठीला शब्द मिळाला तोच अर्धा आकसलेला होता.

मराठीत काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. आयतासाठी संस्कृतात दीर्घचतुरस्र होते तसे आयतचतुरस्रही होते. आयत म्हणजे ताणलेले, लांबवलेले. 'आयत चतुरस्र' या जोडीतले नाम गळाले आणि विशेषण उरले, तो आपला आयत. 'सम चतुरस्र' या जोडीतले विशेषण गळाले आणि नाम उरले, तो आपला चौरस. चार कोपऱ्यांच्या कोणत्याही आकृतीला मराठीकडे 'चौकोन' हा दुसरा शब्द होताच, त्यामुळे चौरसावर ते काम राहिले नाही आणि तो खास आकृतीला देता आला. जुन्या पाठ्यपुस्तकांत आयताला 'काटकोन चौकोन' म्हणत. तुमच्या आईवडिलांना विचारा, त्यांना आठवेल.

मुलीच्या पुस्तकातली व्याख्या दोन अटींची आहे: सर्व बाजू समान आणि सर्व कोन काटकोन. दोन अटी का, याचा वाद भारतात चौदाशे वर्षांपूर्वी झालेला आहे. आर्यभटाने वर्गाची व्याख्या 'वर्गः समचतुरश्रः' अशी केली. त्यावर इ.स. ६२९ मध्ये भाष्य लिहिताना पहिल्या भास्कराने हरकत घेतली. चारही बाजू सारख्या असूनही आकृती तिरकी असू शकते, मग तिलाही वर्ग म्हणायचे का? त्याचे म्हणणे, बाजूंबरोबर कर्णही सारखे हवेत. कोन मोजण्याऐवजी कर्ण मोजायचे. दुसऱ्या भास्कराने, म्हणजे लीलावतीकाराने, ११५० मध्ये हीच अट नियमात घातली: 'समश्रुतौ तुल्यचतुर्भुजे', कर्ण समान असलेल्या समभुज चौकोनात, आणि तसेच आयतात, बाजूंचा गुणाकार हे क्षेत्रफळ. श्रुती म्हणजे इथे कर्ण. कानाला दोन्ही शब्द आहेत, म्हणून कर्णालाही दोन्ही चालतात. त्याच श्लोकात पुढे 'समानलंब' चौकोन येतो. आपल्या पुस्तकातला समलंब चौकोन थेट तिथला आहे.

ही कर्णांची अट फक्त पोथीतली नाही, हे तुमच्या गवंड्याला विचारून पाहा. पाया आखताना तो काय करतो? एका कोपऱ्यावर खुंटी ठोकतो, दोरी ताणतो, एका बाजूवर ३ फुटांची खूण आणि दुसरीवर ४ फुटांची, आणि मधले तिरके अंतर ५ फूट येते का पाहतो. छोट्या कामाला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे हत्यार, लावतो. चारही कोपरे झाले की टेपाने दोन्ही कर्ण मोजतो, आणि ते जुळले तरच फक्की, म्हणजे पायाच्या रेषा दाखवणारी पांढरी भुकटी, टाकतो. सुतारही दाराची चौकट जुळवताना कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोनदा माप घेतो. तो समश्रुती तपासत असतो.

गवंड्याचा 'चौरस' म्हणजे हे. तो बाजूंच्या सारखेपणाबद्दल बोलतच नाही. त्याच्या डोळ्यांपुढे दुसऱ्या जागा आहेत: गोमुखी, म्हणजे पुढे अरुंद आणि मागे रुंद, वाघमुखी, म्हणजे पुढे रुंद आणि मागे निमुळती, किंवा एक कोपरा रस्त्याने कापलेली. त्यांच्या तुलनेत तुमची जागा 'चौरस', चारही कोपरे जागच्या जागी असलेली. हा अर्थ पुस्तकी चौरसापेक्षा मूळ 'चतुरस्र'ला जास्त जवळ आहे, आणि कोणी गवंड्याला 'तुम्ही चुकीचा शब्द वापरता' म्हणाले तर मला ते पटणार नाही. शेजारच्या हिंदीत हाच शब्द वेगळ्या दिशेने गेला. तिथे 'चौरस ज़मीन' म्हणजे सपाट, समतल जमीन, आणि भूमितीतल्या चौरसाला 'वर्ग' म्हणतात. गुजरातीत मात्र आपल्यासारखाच चौरस.

आता आहार. चतुरस्रचा 'सगळ्या बाजूंनी नीट, कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही' हा अर्थ कालिदासाच्या काळी पक्का झालेला होता. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात पार्वतीच्या तारुण्याचे वर्णन आहे: 'बभूव तस्याश्चतुरस्रशोभि वपुर्विभक्तं नवयौवनेन'. नव्या यौवनाने तिचा देह चतुरस्र शोभेचा झाला. पार्वती चौकोनी झाली असे कालिदास म्हणत नाही. प्रत्येक अंग प्रमाणात आले असे म्हणतो. वर सांगितलेले 'समचउरंस संठाण' हे तेच. मराठीत तत्सम 'चतुरस्र' आजही याच अर्थाने जिवंत आहे. चतुरस्र गायक, चतुरस्र लेखक, चतुरस्र व्यक्तिमत्त्व आपण सहज म्हणतो. म्हणून एकाच शब्दाची मराठीत दोन रूपे झाली: घासून गुळगुळीत झालेला चौरस जमिनीला आणि आकृतीला, आणि न घासलेला चतुरस्र माणसाच्या गुणांना. 'चौरस आहार' या प्रयोगात तो गुणांचा अर्थ तद्भव रूपात आला आहे. इंग्रजीतल्या 'स्क्वेअर मील'वरून तो घेतला असे कोणी म्हणाले, तरी तो मराठीत परका का वाटला नाही याचे कारण इथे आहे. शिवाय 'स्क्वेअर मील' म्हणजे पोटभर जेवण, आणि चौरस आहार म्हणजे समतोल जेवण. दोन्ही एक नव्हेत.

संगीतातही शब्द शिल्लक आहे. तबलजी तीनच्या आणि चारच्या गटांना 'तिस्र' आणि 'चतस्र' जाती म्हणतात ते त्र्यस्र आणि चतुरस्र. नाट्यशास्त्रात तालांचे हेच दोन मूळ प्रकार आहेत. आणि शिवलिंगाच्या शास्त्रोक्त रचनेत सर्वांत खालचा, पिंडीच्या आत दडलेला ब्रह्मभाग चतुरस्र असतो, मधला विष्णुभाग अष्टास्र, म्हणजे आठ कडांचा, वरचा रुद्रभाग गोल. आपण पूजतो तो गोल भाग तेवढाच दिसतो.

खरेदीखतातला 'चौरस फूट' हा तिसरा अर्थ. इथे चौरस हे आकाराचे वर्णन नाही, मोजायचे एकक आहे. एक फूट बाजूच्या चौरसात मावते तेवढी जागा, अशा १२०० जागा. प्लॉट गोल असला, त्रिकोणी असला, तरी क्षेत्रफळ चौरस फुटांतच सांगणार. आपला गुंठाही असाच चौरसातून आला: ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. पण 'माझ्याकडे पाच गुंठे आहेत' म्हणणाऱ्याची जमीन चौरस असेल असे कोणी गृहीत धरत नाही.

इथे एक फरक सांगतो, कारण यावरून कागदपत्रांत खरेच घोटाळे होतात. '३० चौरस फूट' आणि '३० फूट चौरस' हे एक नव्हे. पहिले एखाद्या न्हाणीघराएवढे. दुसरे म्हणजे ३० फूट बाजूचा चौरस, ९०० चौरस फूट. जुनी माणसे 'दहा फूट चौरस खोली' म्हणत तेव्हा ती दहा बाय दहाची असे. नवीन लिखाणात शब्दांची जागा सहज बदलली जाते आणि अर्थ कित्येक पट बदलतो.

आणखी एक आग्रह. हल्ली जाहिरातींत आणि बातम्यांत 'वर्गमीटर', 'वर्ग किलोमीटर' दिसू लागले आहे. ते हिंदीतून आले. मराठीने इथे एक चांगली विभागणी करून ठेवली आहे: संख्येचा तो वर्ग, आकृतीचा तो चौरस. ५ चा वर्ग २५, वर्गमूळ, वर्गसमीकरण. पण चौरस मीटर, चौरस किलोमीटर. आर्यभटाच्या व्याख्येत दोन्ही एकत्र होते हे खरे, आणि हिंदीने ते तसेच ठेवले. मराठीतल्या मुलाला मात्र 'वर्ग' म्हटल्यावर संख्या आणि 'चौरस' म्हटल्यावर आकृती दिसते. शिकवताना याचा मला रोज उपयोग होतो, म्हणून ही विभागणी मोडू नये असे मला मनापासून वाटते.

आता मुलीच्या परीक्षेपुरते. तिथे चौरस म्हणजे पुस्तकातला चौरस, दोन्ही अटींसह. फक्त बाजू समान असतील तर तो समभुज चौकोन. फक्त कोन काटकोन असतील तर आयत. प्रत्येक चौरस हा आयतही असतो आणि समभुज चौकोनही, हे तिला आकृती काढून पटवा. हिंदी माध्यमाचे पुस्तक किंवा व्हिडिओ पाहत असेल तर सांगा की तिथे 'समचतुर्भुज' म्हणजे आपला समभुज चौकोन, चौरस नव्हे. नाव 'समचतुरस्र'सारखे दिसते म्हणून फसायला होते.

आणि तुमच्या प्लॉटपुरते. '१२०० चौरस फूट' या आकड्यावरून जागेचा आकार कळत नाही, आणि चारही बाजूंची मापे दिली तरीही कळत नाही. हे दुसरे अनेकांना खरे वाटत नाही, म्हणून हिशेब देतो. समजा बाजू नेमक्या ३०, ४०, ३०, ४० आहेत, पण एक कोपरा ९० ऐवजी ८७ अंशांचा आहे. क्षेत्रफळ ११९८.४ चौरस फूट येईल, म्हणजे कागदावर दीड-पावणेदोन चौरस फुटांचा फरक, कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण कर्ण मोजले तर एक सुमारे ४८.७ फूट आणि दुसरा ५१.२ फूट भरेल. तब्बल अडीच फुटांची तफावत. जागा खरोखर चौरस, म्हणजे गवंड्याच्या अर्थाने चौरस असेल, तर दोन्ही कर्ण बरोबर ५० फूट यायला हवेत.

दुसऱ्या भास्कराने लीलावतीत नेमके हेच फार कडक शब्दांत सांगितले आहे. फक्त चार बाजू देऊन चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्याला तो 'पिशाच' म्हणतो, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहूनही मोठा, कारण चार बाजूंनी चौकोन ठरत नाही हे त्या दोघांनाही ठाऊक नाही. एक लंब किंवा एक कर्ण तरी सांगितलाच पाहिजे, असे त्याचे म्हणणे. त्याच्या घराण्याचा शिलालेख आपल्याच चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे.

तेव्हा बांधकाम सुरू करण्याआधी मोजणीचा नकाशा घेऊन जागेवर जा, हद्दीच्या खुणा पक्क्या करा, आणि गवंड्याबरोबर टेपाचे एक टोक स्वतः धरून दोन्ही कर्ण मोजा. मुलीलाही न्या, ४० आणि ३० वरून ५० कसे येतात ते तिने आधी वहीत काढावे.